शून्य नंबरचा डोळा

शिगम्याच्या आधीच्या शुक्रवारी, म्हापशाचा बाजार खच्चून भरलेला असताना, मी एक उद्योग केला. दोन चष्म्याच्या दुकानांत आणि एका ब्युटी पार्लरमध्ये शिरून रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स मागितल्या. नंबर नको, नुसता रंग हवा, असं सांगितलं. तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच आला, "कुठला रंग?" पार्लरवालीने आणखी एक विचारला, तो साडीबद्दल होता. डोळ्यांना काही त्रास होतो का, यापूर्वी कधी लेन्स घातल्यात का, मधुमेह आहे का, यातलं काही कोणी विचारलं नाही. एका दुकानात तर आत तपासणीची खोली होती, यंत्रं होती, तपासणारा मुलगाही होता. माझ्याकडे तपासणीची चिठ्ठी नाही, चालेल का, असं मी त्याला विचारलं. तो हसला. "मॅडम, झिरो पॉवराक कसलें चेकिंग?"

तो मला फसवत नव्हता. आपण सगळेच असं मानतो. डोळे तपासायचे म्हणजे नंबर काढायचा. भिंतीवरची अक्षरं वाचायची, 'हे स्पष्ट की ते' याची उत्तरं द्यायची, चिठ्ठी घ्यायची आणि उठायचं. ज्याला शेवटची ओळ वाचता येते त्याचा डोळा चांगला, विषय संपला.

माझं म्हणणं बरोबर याच्या उलट आहे. लेन्स देताना नंबर ही सर्वांत शेवटी बघायची गोष्ट आहे. ज्याला नंबरच नाही त्याची तपासणी तर सगळ्यांत आधी व्हायला हवी, कारण तो बहुतेकदा आयुष्यात एकदाही डोळ्याच्या डॉक्टरसमोर बसलेला नसतो. म्हणून लेन्स नंबरची असो की नुसत्या रंगाची, डोळा तपासल्याची चिठ्ठी पाहिल्याशिवाय ती कोणाला विकता येऊ नये. आणि ही शिस्त लावायला गोव्याइतकं सोयीचं राज्य दुसरं नाही.

माझी आजी चष्म्याला वोकल म्हणायची. रात्री ते वोकल उशाशी, सकाळी नाकावर. चुकीच्या नंबरचा चष्मा फार तर डोकं दुखवतो, काढून ठेवला की झालं. लेन्स मात्र बुबुळावर बसते, आणि बुबुळाचं कामकाज शरीरातल्या इतर भागांसारखं चालत नाही. त्याच्या पारदर्शक पडद्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर त्यातून आरपार दिसलंच नसतं. मग त्याला प्राणवायू कुठून मिळतो? मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळून. त्या थरावर आपण लेन्स ठेवतो, म्हणजे एका अर्थी झाकणच घालतो. लेन्सचा सगळा इतिहास या झाकणातून हवा कशी जाईल याच धडपडीचा आहे. १८८८ मध्ये अडॉल्फ फिक याने काचेच्या लेन्सबद्दल लिहिलं, त्या काही तासांपलीकडे सहन होत नसत. १९६१ च्या नाताळात ओटो विख्तेर्ले या चेक रसायनतज्ज्ञाने मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून घरच्या टेबलावर मऊ लेन्स ओतण्याचं यंत्र बनवलं. गेल्या शतकाच्या अगदी शेवटी सिलिकॉन हायड्रोजेल हे हवा जास्त जाऊ देणारं मऊ साहित्य आलं आणि बुबुळाला पूर्वीपेक्षा कितीतरी मोकळा श्वास घेता येऊ लागला. स्वस्तातल्या रंगीत लेन्स मात्र बऱ्याचदा जुन्या पद्धतीच्या हायड्रोजेलच्याच असतात. वर रंगाचा थर. काहींमध्ये तो थर पृष्ठभागावर उघडाच असतो, तिथे लेन्स खरबरीत होते आणि जंतूंना चिकटून बसायला जागा मिळते. म्हणजे ज्या लेन्सबद्दल सगळ्यांत जास्त विचारपूस व्हायला हवी, तीच विचारपूस न होता विकली जाते.

मी स्वतः १९९४ पासून लेन्स वापरते. वजा आठचा नंबर, बाटलीच्या बुडासारखा चष्मा, आणि पावसाळ्यात स्कूटरवर त्या काचांवरून ओघळणारं पाणी. ज्यांना हे सोसावं लागलेलं नाही त्यांनी लेन्सला नखरा म्हणू नये. तेव्हा पणजीत एका डॉक्टरांनी मला लेन्स दिली त्याला दोन फेऱ्या लागल्या. पहिल्या फेरीत त्यांनी नंबर विचारलासुद्धा नाही. वरची पापणी बोटाने उलटी करून आतला भाग पाहिला, तिथे ॲलर्जीचे पुरळ आहेत का ते. डोळ्यांच्या कडेला टीपकागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं, अश्रू पुरेसे येतात का ते मोजायला. पिवळसर रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात बुबुळ पाहिलं, कारण त्यावर ओरखडा असला तर तो हिरवा चमकतो. मग बुबुळाची गोलाई मोजली. लेन्सच्या डबीवर ८.४, ८.६ असे जे आकडे असतात ते लेन्सच्या आतल्या गोलाईचे. फार घट्ट बसली तर ती बुबुळाला चिकटून राहते, खालचे अश्रू बदलत नाहीत. फार सैल असली तर प्रत्येक उघडझापीला घसरते. एवढं झाल्यावर नंबर. तोही चष्म्याचा जसाच्या तसा चालत नाही. चष्मा डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर दूर असतो, लेन्स डोळ्यावरच. म्हणून माझ्या वजा आठच्या चष्म्याला लेन्स लागली वजा सव्वासातची. आजही कितीजण चष्म्याची चिठ्ठी समोर ठेवून मोबाइलवर तेच आकडे भरतात आणि महिनाभर डोकं का दुखतं म्हणून डोक्याचा मलम शोधतात!

त्या दिवशी माझ्याबरोबर एक मैत्रीण होती. तिचा नंबर माझ्याहून निम्मा, हौस दुप्पट. तिच्या डोळ्यांत अश्रू कमी, आणि ॲलर्जीने सारखे डोळे चोळायची सवय. डॉक्टरांनी तिला लेन्स द्यायला साफ नकार दिला. घरी येताना बसमध्ये ती माझ्याशी बोलली नाही. आज मला वाटतं, त्या दिवशी दोघींत जास्त मोलाचं तिलाच मिळालं. तपासणीचा खरा उपयोग हा 'नाही' ऐकण्यात आहे. काउंटरवर उभा असलेला माणूस, कितीही सज्जन असला, तरी त्याला 'नाही' म्हणून पगार मिळत नाही.

हा 'नाही' कोणी ऐकायला हवा, त्याची गोव्यापुरती तरी उजळणी करावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासात सर्वाधिक प्रमाण गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. मधुमेहात बुबुळाची संवेदना कमी होऊ शकते आणि जखम भरायला वेळ लागतो. ज्याला टोचतच नाही तो लेन्स काढणार कधी? समुद्रावर, होडीवर, शेतात उन्हात आयुष्य काढलेल्यांच्या डोळ्यांत पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारं मांस दिसतं, त्यावर लेन्स नीट बसत नाही. कॅसिनोत आणि हॉटेलांत बारा-बारा तास एसीत काम करणाऱ्या मुलामुलींचे डोळे कोरडे असतात, बाहेर हवा कितीही दमट असली तरी. आणि एक आजार असा की त्यात बुबुळ हळूहळू शंकूसारखं पुढे येतं. तो किशोरवयात सुरू होतो, डोळे चोळणाऱ्यांत अधिक दिसतो, आणि त्याची पहिली खूण म्हणजे दर सहा महिन्यांनी बदलणारा तिरका नंबर. दुकान दर सहा महिन्यांनी चष्मा बदलून देतं. डॉक्टर बुबुळाचा नकाशा काढतो. वेळेत सापडला तर आज तो आजार पुढे जाण्यापासून रोखण्याचे उपचार आहेत.

आणि मग आपलं पाणी. गोव्याचा पावसाळा म्हणजे पाण्याशी केलेली दंगामस्ती. २४ जूनला सांजांवाला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालून विहिरीत उड्या, आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या अंगणात चिखलकालो, रविवारी धबधबे आणि झरी. हे सगळं असंच चालू राहो, माझी तक्रार नाही. पण विहिरीत, तळ्यात, तरणतलावात, अगदी नळाच्या पाण्यातही अकांथअमीबा नावाचा एकपेशीय जीव असू शकतो. उघड्या डोळ्याला तो सहसा काही करत नाही. लेन्सखाली सापडला तर बुबुळात शिरतो. अमेरिकेत या आजाराच्या रुग्णांपैकी साधारण ८५ टक्के लेन्स वापरणारे असतात. उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि दुखणं असं की रुग्ण उजेडाकडे बघू शकत नाही. म्हणून लेन्स घालून पोहायचं नाही, लेन्सची डबी नळाखाली धुवायची नाही, ओल्या हातांनी लेन्सला शिवायचं नाही. हे किती लेन्सवाल्यांना माहीत आहे? मी शिकवते त्या उच्च माध्यमिक शाळेत दोन वर्गांत विचारलं. लेन्स वापरणाऱ्या मुलींपैकी जवळजवळ सगळ्या डबी नळाखालीच धुतात. 'स्वच्छता म्हणून.' त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. तपासणी म्हणजे केवळ यंत्राने बघणं नव्हे. घालायला, काढायला, धुवायला शिकवणं हा तिचा अर्धा भाग आहे, आणि घरपोच आलेल्या पाकिटात तो नसतो.

माझ्या पुतणीची गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगते. तिने परवानगी दिली आहे, अट एकच, नाव नको. गेल्या वर्षी शिगम्याच्या चित्ररथावर ती राक्षसीण झाली होती. मांजरासारख्या पिवळ्या लेन्स, शून्य नंबर. दोन मिरवणुका, दोन मुली आणि एकच जोडी. पहिल्या संध्याकाळी एकीने घातली, दुसऱ्या संध्याकाळी दुसरीने. मधल्या रात्री डबीत पाणी. डोळा लाल झाला तेव्हा घरच्यांनी ठरवलं, गुलाल गेला असेल. मग औषधाच्या दुकानातून थेंब आणले, तेही स्टेरॉइड असलेले. त्या थेंबांनी लाली उतरते, बरं वाटतं, आणि खाली जंतूंना मोकळं रान मिळतं. तिसऱ्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागला तेव्हा कुठे डॉक्टर आठवले. दोन दिवस रात्रंदिवस दर तासाला थेंब, घड्याळाचा गजर लावून, मी आणि तिची आई पाळीपाळीने. डोळा वाचला. बुबुळाच्या कडेला बारीकसं फूल राहिलं, नजरेच्या वाटेत नाही म्हणून नशीब. आमच्याकडे 'डोळ्यात फूल पडलं' म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं गोड नाव कोणी दिलं असेल कोण जाणे. डॉक्टरांनी तिला पहिला प्रश्न विचारला होता, "या लेन्स कोणी दिल्या?" त्याचं खरं उत्तर असं होतं की कोणीच दिल्या नव्हत्या, त्या विकत घेतल्या होत्या.

लेन्स हे विष आहे असं मी म्हणत नाही. आकडे तसं सांगत नाहीत. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातला १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक गाजलेला अभ्यास आहे. दिवसा घालून रात्री मऊ लेन्स काढून ठेवणाऱ्यांत बुबुळावर जखम होण्याचं प्रमाण वर्षाला दहा हजारांत सुमारे चार होतं. लेन्स डोळ्यांत ठेवूनच झोपणाऱ्यांत ते सुमारे एकवीस. चार हा आकडा घाबरण्यासारखा नाही. चाराचे एकवीस होतात ते वागण्यामुळे, आणि वागणं शिकवावं लागतं. माझा सगळा मुद्दा या दोन आकड्यांमधल्या जागेत आहे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा, डॉक्टरकडे जायला वेळ कुठे आहे आणि पैसे कोण देणार? पैशांचं उत्तर सोपं आहे. बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात आणि म्हापसा, मडगावच्या जिल्हा रुग्णालयांत डोळ्यांचे विभाग आहेत, आणि काणकोणहूनसुद्धा बांबोळी सत्तर किलोमीटरच्या आत-बाहेरच. गडचिरोलीच्या माणसाने अंतराची तक्रार केली तर ऐकावी, आपण कुठल्या तोंडाने करायची? वेळेचं उत्तर इतकं सोपं नाही, हे मान्य करते. सरकारी रुग्णालयात अर्धा दिवस जातो आणि हॉटेलात काम करणाऱ्या मुलीची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. म्हणून चिठ्ठी सक्तीची करायची तर तपासणी तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात, आठवड्यातून निदान एका संध्याकाळी मिळाली पाहिजे. नाहीतर ती सक्ती फक्त गरिबावर होईल.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे आणि मला तो आवडतो. एका परिचिताने विचारलं, "म्हणजे डॉक्टरांचं दुकान चालवायचं?" प्रश्न रास्त आहे. काही ठिकाणी डॉक्टर तपासतात आणि लेन्स शेजारच्या त्यांच्याच काउंटरवर मिळते. लेन्सची मापं चिठ्ठीवर येतच नाहीत, दुकानाच्या वहीत राहतात, म्हणजे पुढच्या वेळी तुम्ही तिथेच. तेव्हा सक्ती दोन्ही बाजूंनी हवी. अमेरिकेने २००३ मध्ये कायदा करून लेन्सच्या मापांची चिठ्ठी ग्राहकाला न मागता, वेगळे पैसे न घेता द्यायला लावली. कुठून घ्यायची ते ग्राहकाने ठरवायचं. आणि २००५ मध्ये शून्य नंबरच्या रंगीत लेन्सही वैद्यकीय उपकरणच आहेत असं कायद्यात लिहून टाकलं. ब्रिटनमध्ये शून्य नंबरची लेन्स नोंदणीकृत ऑप्टिशियन, ऑप्टोमेट्रिस्ट (डोळे तपासण्याचं शिक्षण घेतलेला, पण डॉक्टर नसलेला) किंवा डॉक्टर यांच्याकडून किंवा त्यांच्या देखरेखीखालीच विकता येते. प्रत्येक वेळी एमएस झालेला नेत्रतज्ज्ञच हवा, असंही माझं म्हणणं नाही. चार वर्षांचा अभ्यासक्रम केलेला ऑप्टोमेट्रिस्ट हे काम नीट करतो, आणि २०२१ च्या कायद्याने त्यांना आरोग्य व्यावसायिक म्हणून स्थान दिलं आहे. शंका आली तर त्याने डॉक्टरकडे पाठवावं, इतकंच. चष्म्याच्या प्रत्येक दुकानात मात्र असा शिकलेला माणूस असतोच असं नाही, आणि पाटीवर 'मोफत डोळे तपासणी' लिहायला कुठली पदवी लागत नाही.

तिसरा आक्षेप, लोक ऑनलाइन मागवतील. मागवतील. पणजीतून त्याला आवर घालता येणार नाही, ते दिल्लीचं काम. तिथेही पाया घातलेला आहे. १ एप्रिल २०२० पासून देशात सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याच्या कक्षेत आली आणि केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या वर्गीकरणात कॉन्टॅक्ट लेन्स आहे. कागदावर ती औषधाच्या पंगतीला बसली, बाजारात मात्र अजून बांगड्या-टिकल्यांच्या शेजारी. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने आधी पार्लरमधल्या आणि कॉस्मेटिकच्या दुकानांतल्या रंगीत लेन्स उचलाव्यात. मग चष्म्याच्या दुकानांना एक नोंदवही ठेवायला लावावी. कोणाला लेन्स दिली, कोणाच्या चिठ्ठीवर, चिठ्ठीची तारीख कुठली, गोलाई किती, व्यास किती. चिठ्ठी वर्षभर चालावी, त्यानंतर नवी. मासळीत फॉर्मेलिन आहे का हे बघायला २०१८ मध्ये हेच प्रशासन पहाटे मडगावच्या घाऊक बाजारात जात होतं. मासळीची काळजी गोंयकाराला किती असते ते ठाऊक आहे, पण डोळ्यांसाठी दुपारच्या वेळेला एखादी फेरी मारायला हरकत नसावी.

आता थोडं माझ्याबद्दल, कारण एवढं लिहून झाल्यावर मलाच ते टोचायला लागलं. १९९४ चे ते डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्यानंतर मी काय केलं? दुकानात फोन. "माझी नेहमीची पाठवा." वहीत माझा नंबर होताच. अकरा वर्षं.

म्हणून शिगमा झाल्यावर त्याच दुकानात पुन्हा गेले आणि त्या मुलाला म्हटलं, "आज माझे डोळे तपास. नंबर नको, डोळे." तो जरा गोंधळला. कोपऱ्यातल्या मोठ्या यंत्रावर पाहुण्यांच्या सोफ्यावर असावं तसं प्लास्टिकचं आच्छादन होतं, ते त्याने काढलं. बेळगावला चार वर्षं शिकून आलाय म्हणाला, इथे हे यंत्र कोणी मागतच नाही. लेन्स काढायला लावून त्याने हनुवटी टेकवायला सांगितली, पापणी उलटली, थेंब घातला, निळा उजेड लावला. उजवा डोळा पटकन झाला. डाव्याशी तो बराच वेळ थांबला.

"मॅडम, झोपताना काढता ना?"

"काढते." मग खरं सांगितलं. "दुपारी नाही."

"बुबुळाच्या कडेने आत रक्तवाहिन्या शिरल्यात. हवा कमी पडली की येतात." त्याने उजेड बंद केला. माझी नवी डबी काउंटरवर आधीच काढून ठेवलेली होती, ती उचलून त्याने परत कपाटात ठेवली. "आधी डॉक्टरांना दाखवा. आज मी देणार नाही."

मालकाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मी पर्समधून चष्मा काढला.